गिरण्यांच्या इमारती आणि कामगारांची घरे

(कोल्हापूर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गिरणी बंद पडली की तिच्या इमारतीविषयी साधारणतः दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक जमिनीचा व्यवहार करणारी आणि दुसरी जुन्या वास्तूंवर प्रेम करणारी. पहिल्यांना इमारत नकोशी असते, दुसऱ्यांना ती जशीच्या तशी हवी असते. ज्या कामगाराने त्या इमारतीत तीस-पस्तीस वर्षे पाळ्या केल्या, त्याला मात्र तिचे पुढे काय करावे असे कोणी विचारत नाही. बंद कारखान्यांच्या इमारतींचे राहत्या घरांत रूपांतर करता येईल काय, येत असल्यास कोणत्या इमारतींचे, कोणत्या रीतीने आणि कोणासाठी, हा आजचा विषय आहे. हा विषय स्थापत्य अभियंत्याचा आहे असे समजून कार्यकर्त्यांनी तो बाजूला ठेवू नये. कारण इमारत उभी राहू शकते की नाही हे सांगणारा कागद ज्याच्या हाती असतो, जमिनीचा निर्णयही बहुधा त्याच्याच हाती जातो.

कोल्हापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली येथे सूतकताईची व विणकामाची गिरणी स्थापन केली. उद्योग संस्थानात यावा आणि येथल्या माणसाला येथेच काम मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे ही गिरणी महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००३ साली बंद पडली. कोटितीर्थ तलावाजवळची सुमारे २७ एकर जागा आणि तीवरील दगडी इमारती मागे राहिल्या. २०२२ साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त या आवारात प्रदर्शने व कार्यक्रम झाले, तेव्हा ज्यांनी केवळ भोंगा ऐकला होता असे पुष्कळ नागरिक प्रथमच आत गेले. तेथे महाराजांचे स्मारक व्हावे ही शहराची जुनी मागणी आहे आणि ती न्याय्य आहे. परंतु ज्या राजाने १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली, गरिबाच्या मुलाच्या डोक्यावर छप्पर असणे हा शिक्षणाचाच भाग मानला, त्याच्या स्मारकात माणसांच्या राहण्याला जागा असू नये असे म्हणणे त्या स्मृतीशी सुसंगत ठरणार नाही.

मुंबईत काय घडले

या प्रश्नाचा राजकीय अर्थ समजण्यासाठी प्रथम मुंबईकडे पाहिले पाहिजे. गिरणगावात पन्नासांहून अधिक गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोक पुन्हा कामावर गेलेच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीमालकांना जमीन विकसित करण्याची मुभा दिली, मात्र स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरबांधणीसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला अशी विभागणी ठरविली. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. विभागणी सर्व जमिनीची न होता केवळ मोकळ्या जमिनीची होईल, आणि इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल ती या हिशेबात धरली जाणार नाही, असा तिचा परिणाम होता. उच्च न्यायालयाने २००५ साली या अर्थाच्या विरुद्ध निकाल दिला, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

यातली विसंगती ध्यानात घ्यावी. वाटणीच्या दिवशी गिरणीची इमारत उभी आहे असे मानले गेले, म्हणून तिच्याखालची जमीन शहराच्या व कामगारांच्या वाट्यातून वगळली गेली. वाटणी झाल्यावर तीच इमारत निरुपयोगी ठरली आणि पाडली गेली. तिच्या भिंती एका वर्षात कमकुवत झाल्या नव्हत्या. चटईक्षेत्राचा हिशेब असा असतो की दुमजली गिरणीच्या जागी चाळीस मजले चढविता येत असतील, तर गिरणी कितीही मजबूत असली तरी ती बाजाराच्या दृष्टीने अडथळाच ठरते.

या व्यवहारात कामगारांच्या पदरात काय पडले हे कोल्हापूर जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड, राधानगरी या तालुक्यांतील असंख्य घरांतून एकेक माणूस गिरणीत होता. घरासाठी दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. २८ जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, पुढेही काही सोडती झाल्या, पण घर मिळाले ते थोड्यांनाच. मुंबईपासून दूर शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ केली गेली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये वृद्ध कामगारांना आझाद मैदानावर बसावे लागले.

भार, खांब आणि भिंती

आता इमारतीकडे वळू. जुनी इमारत घरांचे ओझे पेलणार नाही, हा आक्षेप सर्वांत आधी येतो. भारतीय मानक संहितेप्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार धरला जातो. यंत्रे असलेल्या कारखान्याच्या मजल्यासाठी हाच भार हलक्या कामाला सुमारे ५०० आणि जड कामाला सुमारे १००० किलो धरतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अभियंत्यापुढे आजची संहिता नव्हती, परंतु यंत्रांचे वजन आणि त्यांची अखंड थरथर त्याच्यापुढे होती. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, ज्या मजल्याने यंत्रे पेलली तो माणसांच्या व सामानाच्या वजनाने सहसा खचत नाही.

परंतु घर म्हणजे केवळ माणसे व सामान नव्हे. साडेचार इंची विटेची तीन मीटर उंचीची भिंत दर धावत्या मीटरला सुमारे ७०० किलो वजन टाकते. संडास-न्हाणीसाठी जमीन एक फूट खाली घेऊन विटांच्या तुकड्यांनी भरली तर तेवढ्या जागेत दर चौरस मीटरला ५०० किलोंची भर पडते. शंभर कुटुंबांना प्रत्येकी ५०० लिटर पाणी साठवायचे म्हटले तर गच्चीवर ५० टन वजन चढते. म्हणून गिरणीच्या मजल्यावर हलक्या फळ्यांच्या किंवा पोकळ ठोकळ्यांच्या भिंती घ्याव्या लागतात, संडास व स्वयंपाकघरे एकाखाली एक येतील अशी रचावी लागतात आणि पाण्याच्या टाक्या जुन्या इमारतीवर न ठेवता स्वतंत्र मनोऱ्यावर न्याव्या लागतात. ही खबरदारी घेतली नाही, तर यंत्रांनी न मोडलेला मजला घरे मोडतील.

दुसरा विचार खांबांचा. त्या काळच्या गिरण्यांत बिडाचे पोकळ खांब सर्रास आढळतात. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही, आणि तुटताना पोलादाप्रमाणे आधी वाकून सूचना देत नाही. ओतताना आतला गाभा सरकला असेल तर खांबाची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते. हे बाहेरून दिसत नाही, बारीक छिद्रे पाडून जाडी मोजावी लागते. पुष्कळ गिरण्यांत छपरावरचे पावसाचे पाणी याच पोकळ खांबांतून खाली नेलेले असे, त्यामुळे गंज आतून चढतो. बिडाला सहजासहजी वेल्डिंग करता येत नाही, म्हणून नवी तुळई जोडायची तर खांबाभोवती पट्टा आवळून बोल्टांनी जोडावी लागते. शिवाजी उद्यमनगरात ज्याने साचे भरले आणि बीड ओतले त्याला हे कोणी शिकवायला नको. एखाद्या तरुण अभियंत्याने कॉलेजात बिडाचा खांब पाहिलेलाच नसतो. गिरणीच्या परीक्षेत फौंड्री कामगाराला स्थान असले पाहिजे, असे म्हणण्यामागे भावना नाही, व्यवहार आहे.

मजले पुष्कळदा लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या उथळ कमानी घालून केलेले असतात. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटत असते आणि दोन्ही बाजूंचे रेटे एकमेकांना तोलतात. नळ उतरविण्यासाठी ठेकेदाराने मधलीच एक कमान फोडली तर शेजारची निराधार होते. भोक पाडण्याआधी तुळयांना आडव्या सळयांनी बांधून घेणे, हा साधा नियम आहे. ओल येत राहिली की तुळईचा खालचा पट्टा गंजतो, गंज फुगतो आणि विटा सुटू लागतात. अशा तुळईचा तुकडा कापून प्रयोगशाळेत ताणून पाहिल्याशिवाय तिच्या बळाविषयी बोलू नये.

तिसरा विचार भिंतींचा. चुन्यात बांधलेली जाड दगडी भिंत उभा भार शंभर वर्षे सहज पेलते. तिचा खरा शत्रू आडवा धक्का आहे. कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण या भागात अजून आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात हजारो माणसे मेली, ती मुख्यतः जाड दगडी भिंतींखाली. त्या भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या पाखांना सांधणारे आरपार दगड नव्हते, कोपऱ्यांना बांधणारे पट्टे नव्हते. गिरणीची भिंत मातीतल्या खेडवळ भिंतीपेक्षा कितीतरी चांगली असते, तरी तीच तपासणी तिलाही लागू आहे. भूकंपाचा धक्का इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून उंच शेडच्या पोटात मजला चढवायचा असेल तर तो जुन्या भिंतींवर न टाकता स्वतंत्र पायाच्या पोलादी सांगाड्यावर घ्यावा आणि जुन्या भिंती त्या सांगाड्याला ठिकठिकाणी बांधाव्यात. मग नवा सांगाडा जुन्या भिंतीला आडवा आधार देतो. नव्या पायासाठी खणताना जुन्या पायाखालची माती हलू नये एवढे सांभाळावे लागते. आणखी एक गोष्ट: चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल कोंडते आणि चुना सुटतो. अशा इमारतीला चुनाच हवा.

उजेड, वारा आणि बाहेर पडण्याची वाट

साळखात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. उत्तरेकडील काचांमधून उजेड येतो, ऊन येत नाही. सुतासाठी ही रचना उत्तम होती. माणसांसाठी ती पुरी पडत नाही, कारण रुंद शेडच्या मध्यभागी खिडकीला बाहेरची भिंतच नसते. याला उपाय आपल्या वाड्यांतच आहे. मधल्या काही गाळ्यांवरचे छप्पर काढून चौक केले तर चहूबाजूंच्या खोल्यांना खिडक्या मिळतात. मात्र छपराच्या कैच्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवीत असतात. त्या काढण्यापूर्वी पर्यायी बंध घातले नाहीत तर उंच भिंत एकाकी पडून कलते. क्रम चुकला की अपघात होतो.

आग हा विषय यापेक्षाही गंभीर आहे. उघडी पोलादी तुळई सुमारे ५५० अंश सेल्सियस तापमानाला आपले निम्मे बळ गमावते. तापलेल्या बिडावर बंबाचे पाणी पडले तर ते तडकते. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जण मेले. गिरणीच्या जागेचा उपयोग बदलला, पण सुटकेच्या वाटा त्या प्रमाणात बदलल्या नाहीत. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण दगावले. त्यांत त्या आवारातच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबातील माणसेही होती. भिवंडीत माणसे यंत्रमागाच्या शेडमध्येच झोपतात. तेव्हा कारखान्यात माणसे राहतील की नाही हा प्रश्न काही अंशी काल्पनिकच आहे. ती आजही राहत आहेत, फक्त जिन्याशिवाय, खिडकीशिवाय आणि हक्काशिवाय. प्रत्येक मजल्यावरून दोन स्वतंत्र जिने, लोखंडावर अग्निरोधक आवरण आणि बंब आत येईल एवढा रस्ता, यांत तडजोड होऊ शकत नाही.

इतरत्र काय झाले

व्हिएन्नामध्ये १८९९ साली पूर्ण झालेल्या गॅसच्या चार प्रचंड टाक्यांच्या विटांच्या भिंती तशाच ठेवून आत नव्या इमारती उभ्या केल्या गेल्या. २००१ पर्यंत तेथे सुमारे ६०० घरे आणि विद्यार्थी वसतिगृह झाले. त्या शहरात सार्वजनिक पैशाने घरे बांधण्याची परंपरा पहिल्या महायुद्धानंतरच्या समाजवादी नगरपालिकेपासूनची आहे, आणि या घरांनाही शहराचे अनुदान होते.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात उलट क्रम दिसतो. ओस पडलेल्या कारखान्यांत प्रथम गरीब कलावंत राहू लागले. त्यांना घरातून काढू नये आणि मालकांनी इमारती सुरक्षित कराव्यात, यासाठी १९८२ साली कायदा करावा लागला. तरीही कालांतराने तो भाग श्रीमंतांचा झाला. इंग्लंडने २०१३ पासून कार्यालयांची घरे करण्यास नियोजनाच्या परवानगीची अट शिथिल केली. परिणामी अगदी लहान आणि काही ठिकाणी बिनखिडक्यांची घरे निघाली. नैसर्गिक उजेडाची अट २०२० साली आणि किमान क्षेत्रफळाची अट २०२१ साली घालावी लागली. या तिन्ही उदाहरणांत तंत्र थोड्याफार फरकाने सारखेच आहे. मालकी, भाडे आणि नियम यांतच फरक पडला.

आपल्याकडे सोलापूरच्या कॉम्रेडांनी कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरे २००६ साली उभी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील पंधरा हजार घरे कामगारांच्या हाती आली. कामगाराचा वाटा, राज्याचा वाटा आणि केंद्राचा वाटा एकत्र आणून सहकारी तत्त्वावर हे काम झाले. पक्षभेद बाजूला ठेवून त्याचे मोल मान्य केले पाहिजे. मात्र ती वसाहत शहराबाहेर आहे. गिरण्यांच्या जागा शहराच्या मध्यात आहेत, तेथून कामाला, शाळेला, दवाखान्याला चालत जाता येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तरी पूररेषेकडे सरकणाऱ्या कोल्हापूरने शहरातील सार्वजनिक जमिनीचा प्रथम विचार करावयास हवा.

खर्च आणि आक्षेप

दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा स्वस्त पडते असे सरसकट विधान करता येणार नाही. काही इमारतींत ती महागच पडेल. परंतु खर्चाचे स्वरूप निराळे असते. नव्या उंच इमारतीत पैशाचा मोठा भाग सिमेंट, पोलाद आणि यंत्रे यांकडे जातो, दुरुस्तीत तुलनेने मोठा भाग गवंडी, पाथरवट, सुतार, फिटर यांच्या मजुरीत जातो. ज्या शहरात हे कसब आहे आणि काम कमी आहे, तेथे हा फरक केवळ हिशेबनिसाच्या वहीतला राहत नाही.

कामगाराला नवे घर द्या, जुनी शेड कशाला, हा आक्षेप सद्‌हेतूने घेतला जातो. त्याचे उत्तर असे की, नव्या घराला जी उंची, जो उजेड, जी सुरक्षितता लागते तीच येथेही लागेल. ती देता येत नसेल त्या शेडमध्ये घर करू नये, तेथे ग्रंथालय, पाळणाघर, प्रशिक्षण केंद्र किंवा स्मारकाचे दालन करावे. बुटक्या इमारतींत थोडीच कुटुंबे मावतील, हा आक्षेपही खरा आहे. म्हणून जुन्या इमारतींसोबत मोकळ्या जागेवर नव्या इमारतीही लागतील. दगडाची पूजा हा आपला कार्यक्रम नाही.

मागण्या

यातून निघणाऱ्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, गिरणीची सार्वजनिक जमीन विकली जाऊ नये. स्मारक असो वा घरे, मालकी लोकांकडे राहावी आणि घरे भाडेतत्त्वावर किंवा सहकारी मालकीने दिली जावीत, म्हणजे ती पुन्हा बाजारात जाणार नाहीत.

दुसरी, प्रत्येक इमारतीची स्वतंत्र परीक्षा व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमाखाली धोकादायक इमारतीबाबत आयुक्तांना अधिकार आहेत आणि ते असलेच पाहिजेत. पण तत्काळ पाडावयाची सी-१ इमारत आणि दुरुस्त होऊ शकणारी सी-२ इमारत यांतला निर्णय कोणत्या चाचण्यांवर घेतला, हे कळणे हा लोकांचा हक्क आहे. काँक्रीटवर आपटण्याच्या हातोड्याचे आकडे चुन्यातल्या दगडी भिंतीच्या अहवालात जोडलेले दिसले तर कार्यकर्त्याने तेथेच थांबून प्रश्न विचारावा. भिंतीला भिंतीची चाचणी, बिडाला बिडाची, तुळईला तुळईची.

तिसरी, परीक्षा करणाऱ्या समितीत अभियंत्यांबरोबर निवृत्त गिरणी कामगार आणि फौंड्री कामगार असावेत. कोणत्या खात्यात ओल येत असे, कोणत्या पावसाळ्यात कोणता खांब बदलला, कोणत्या मजल्यावर कोणते यंत्र होते, हे कोणत्याही नकाशात सापडणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून ही माहिती लिहून घेण्याचे काम कोणत्याही शासकीय आदेशाची वाट न पाहता पक्षाच्या शाखा करू शकतात, आणि ते या वर्षीच सुरू झाले पाहिजे.